तळे हिरवे का झाले?



देवळाला कळस चढला, पण समोरचे तळे हिरवे पडले. हे शेवाळ आपणच पोसले. सांडपाणी, शेण, खत यांतून नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात. शेवाळ माजते, मरून कुजते, प्राणवायू संपतो, मासे मरतात.

१९७३ साली कॅनडात एक तळे पडदा लावून दुभागले. दोन्हींकडे कर्ब व नत्र घातले, एकीकडे स्फुरदही. तोच भाग हिरवा झाला. अमेरिकेत सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरातले सांडपाणी १९६८ पर्यंत वळविले, मग पाणी निवळले.

मीही आजवर निर्माल्य तळ्यातच सोडले. यापुढे खड्ड्यात पुरीन. उरलेल्या वर्गणीतून प्रथम गटार वळवावे, ही हात जोडून विनंती.