पथ्याच्या ताटामागचे संशोधन

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



घरात कोणी आजारी पडले की दवाखान्यातील आहारतज्ज्ञ पथ्य सांगतात. मुगाचे वरण द्या, दूध द्या, पालेभाजी द्या. परंतु कोणत्या धान्यात काय आहे व त्यातले अंगी किती लागते, हे प्रयोगशाळेतच शोधावे लागते. असे संशोधन करणाऱ्या एका मराठी बाईंची माहिती आज आपणांस देणार आहे.

डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ साली पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. मुलगी म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत व नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केले.

मुंबईत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिन-अवरोधकांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हा प्रथिने पचविणारा पाचकरस आहे. कच्च्या कडधान्यातील हे घटक त्याला अडवितात. त्यामुळे खाल्लेली प्रथिने पुरती अंगी लागत नाहीत. चांगली उष्णता दिली की हे घटक बहुतांशी नष्ट होतात. आपल्या दृष्टीने यातून पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात :

१) कडधान्ये भिजवून पूर्ण शिजवावीत.

२) पिठात मिसळावयाचे सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, वाळवावे, मगच दळावे.

३) कोंबड्यांना कच्चे सोयाबीन घालू नये; भाजून घालावे.

पोषणाचे संशोधन आता बियाण्यापर्यंत आले आहे. लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण विद्यापीठाने २०१८ साली दिला.

शेवटी एक विनंती. मुलगी दहावी झाली की लग्नाची घाई करू नका. बारावी विज्ञाननंतर परभणीच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात आहारशास्त्र शिकता येते. पुढे तिला दवाखान्यात आहारतज्ज्ञ होता येईल, किंवा पदव्युत्तर शिक्षण घेऊन संशोधनाकडे वळता येईल. कमलाबाईंना संस्थेने अडविले, पण घरच्यांनी शिकविले. आज संस्था अडवीत नाही. आता प्रश्न घरचा आहे.