क्षयासारखा, पण क्षय नव्हे

बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरून, तो झील-नील्सन पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या, की क्षयाचे निदान झाले, असे शंभरहून अधिक वर्षे मानले जात आले आहे. आणि क्षय जिथे गावोगाव आहे अशा भारतात ते बहुतेक वेळा खरेही ठरते. परंतु ही लाली एकट्या क्षयजंतूची नसून एका मोठ्या कुळाची खूण आहे. मायकोबॅक्टेरिया या कुळातील जंतूंभोवती मायकोलिक आम्लांचे मेणचट कवच असते, त्यात शिरलेला रंग आम्लाने धुतला तरी सुटत नाही, आणि म्हणून त्यांना आम्लरोधी जंतू म्हणतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्याचा शोध जाहीर केला तो क्षयजंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू हे या कुळातील दोन कुप्रसिद्ध सदस्य होत. त्यांच्याखेरीज दीडशेहून अधिक जाती आज ज्ञात असून त्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया किंवा दवाखान्यातील बोलीत ‘एनटीएम’ असे म्हटले जाते. यांपैकी काही जाती फुप्फुसात वर्षानुवर्षे ठाण मांडतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा संसर्ग, त्याचे उपचार आणि त्याच्यासह काढावे लागणारे आयुष्य हा आहे. आणि त्यातील प्रतिपादन असे, की हा आजार क्षयाच्या मापाने मोजला गेल्यामुळे निदानात, औषधयोजनेत आणि रुग्णाच्या अपेक्षांत जे घोटाळे होतात, ते जंतूने केलेल्या नुकसानीपेक्षा फारसे कमी नसतात.

क्षयजंतू माणसाकडून माणसाकडे जातो. क्षयेतर जंतूंचे मूळ घर मात्र ओली माती, तळी आणि नळाचे पाणी हे आहे. पाइपांच्या आतल्या अंगाला जो बुळबुळीत थर धरतो, त्यात ते चिकटून राहतात आणि त्यांच्या मेणचट कवचामुळे पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनची नेहमीची मात्रा त्यांना फारशी बाधत नाही. अर्नेस्ट रनियन यांनी १९५९ मध्ये वाढीचा वेग आणि वसाहतींचा रंग यांवरून त्यांचे चार गट पाडले. फुप्फुसाच्या दृष्टीने त्यांत सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम आणि इन्ट्रासेल्युलारे यांसारख्या निकटच्या जातींचा समूह, ज्याला संक्षेपाने ‘मॅक’ म्हणतात. महाराष्ट्राचा या समूहाशी एक जुना, काहीसा अनपेक्षित संबंध आहे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वसंत रामजी खानोलकर, कमल रणदिवे आणि चं. वि. बापट यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून प्रयोगशाळेत जो आम्लरोधी जंतू वाढवला आणि ज्यापासून पुढे कुष्ठरोगाची लस करण्याचा प्रयत्न झाला, तो नंतरच्या अभ्यासात याच समूहातील ठरला. हे जंतू भारताच्या हवापाण्यात किती मुरलेले असावेत याचा दुसरा संकेत तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ मध्ये सुरू झालेल्या बीसीजी लसीच्या प्रचंड चाचणीतून मिळाला. तीत लसीने फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिल्याचे दिसले नाही, आणि त्याचे एक संभाव्य कारण म्हणून लहानपणापासून या जंतूंशी आलेल्या संपर्काकडे बोट दाखवले गेले.

रोज श्वासाबरोबर आणि पाण्याबरोबर जे जंतू शरीरात जातात, ते बहुतेकांना काहीच करत नाहीत, कारण निरोगी श्वासनलिकांच्या आतील सूक्ष्म केसांसारखे तंतू सतत हलत राहून चिकट स्राव, आणि त्यात अडकलेले सगळे, घशाकडे ढकलत असतात. जिथे ही यंत्रणा मोडते तिथे जंतूला जागा मिळते. जुन्या आजाराने नलिकांच्या भिंती कमकुवत होऊन त्या कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि त्यांच्याशी झुंजताना भिंती आणखी खराब होतात. या अवस्थेला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१९५ रुग्णांचा समावेश असलेल्या भारतीय नोंदणीत अशा रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्क्यांमध्ये मूळ कारण पूर्वी होऊन गेलेला क्षय हेच आढळले. म्हणजे ज्या फुप्फुसातून क्षयजंतू औषधांनी हद्दपार झाला, त्याच फुप्फुसात त्याने पाडून ठेवलेल्या खिंडारांतून त्याचा हा भाऊबंद शिरतो. युरोप, अमेरिका आणि जपानमधील वर्णनांत वारंवार आढळणारा दुसरा प्रकार वेगळा आहे: कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या, सडपातळ, उतारवयाच्या स्त्रियांत उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात आणि डाव्या बाजूच्या त्याच्याशी जुळणाऱ्या भागात बारीक गाठी आणि रुंदावलेल्या नलिका दिसतात, आणि खोकला इतक्या हळूहळू वाढतो की तो वयाचा किंवा ॲलर्जीचा समजून वर्षे निघून जातात.

जुन्या क्षयरुग्णाला पुन्हा खोकला, बारीक ताप आणि वजनातील घट सुरू झाली, थुंकीत आम्लरोधी जंतू सापडले, की ‘क्षय उलटला’ हा निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघतो. औषधे सुरू होतात, गुण येत नाही, मग औषधांना दाद न देणारा क्षय असावा अशी शंका घेतली जाते आणि अधिक कडक औषधांकडे मोर्चा वळतो. हा फेरा तोडण्याचे साधन आता उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिलेली जीनएक्सपर्ट ही चाचणी क्षयजंतूचाच जनुकीय अंश शोधते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू भरपूर आहेत आणि जीनएक्सपर्ट मात्र नकारात्मक आहे, असे विसंगत अहवाल हाती आले तर तो एनटीएमचा जवळजवळ स्पष्ट इशारा समजावा. व्यवहारात हे दोन कागद पुष्कळदा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून येतात आणि एकमेकांशेजारी ठेवून वाचलेच जात नाहीत.

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. जंतू पाण्यातच असल्यामुळे एकदा कल्चरमध्ये, म्हणजे पोषक द्रव्यात नमुना ठेवून केलेल्या जंतुसंवर्धनात, तो वाढला एवढ्याने आजार सिद्ध होत नाही. नमुना देण्याआधी नळाच्या पाण्याने खळखळून चूळ भरली तरी त्या पाण्यातला जंतू डबीत उतरू शकतो. म्हणून सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी, हवे तर उकळून गार केलेल्या पाण्याने तोंड स्वच्छ करून, छातीतून खोकून काढलेला घट्ट कफ द्यावा लागतो, तोंडातली लाळ उपयोगाची नसते. २०२० मध्ये अमेरिकेतील आणि युरोपातील तज्ज्ञ संस्थांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: लक्षणे, सीटी स्कॅनवरील अनुरूप बदल, आणि बेडक्याच्या किमान दोन स्वतंत्र नमुन्यांत तीच जात वाढणे, किंवा दुर्बिणीने श्वासनलिका धुऊन घेतलेल्या एका नमुन्यात ती वाढणे. हे निकष पुरे झाल्यावरही प्रत्येकाला त्याच दिवशी औषध लागतेच असे नाही. फुप्फुसात पोकळी असेल किंवा थुंकीत जंतू थेट दिसत असतील तर थांबण्यात धोका असतो. पण आजार सौम्य, वजन स्थिर आणि वय जास्त असेल तर दर काही महिन्यांनी तपासत थांबणे हाही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णयच असतो. ‘जंतू सापडला आणि डॉक्टर काही देत नाहीत’ ही नातेवाइकांची तक्रार समजण्यासारखी असली तरी तिच्या दडपणाखाली गोळ्या लिहून देणे हे वैद्यकशास्त्र नव्हे.

मॅकच्या उपचारांचा कणा म्हणजे ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध. त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल दिले जाते. गाठींच्या सौम्य प्रकारात ही तिन्ही आठवड्यातून तीनदा पुरतात, पोकळी असेल तर ती रोज द्यावी लागतात आणि पहिले दोन-तीन महिने अमिकॅसिनची इंजेक्शने जोडली जातात. मुदत ठरवण्याची रीत मात्र क्षयाहून निराळी आहे. क्षयात सहा महिन्यांचा कोर्स पहिल्या दिवसापासून मोजता येतो. इथे मोजणी कल्चर नकारात्मक झाल्यापासून सुरू होते आणि तिथून बारा महिने औषधे चालतात, म्हणजे जंतू नाहीसा व्हायला सहा महिने लागले तर एकूण दीड वर्ष. प्रयोगशाळेच्या अहवालातही असाच सापळा असतो. ‘रिफॅम्पिसिनला रोधक’ हे शब्द वाचून क्षयाच्या सवयीने घबराट होते. पण मॅकमध्ये परीक्षानळीतला तो निष्कर्ष रुग्णाच्या प्रतिसादाशी जुळत नाही, जुळतो तो ॲझिथ्रोमायसिनच्या वर्गाबाबतचा आणि अमिकॅसिनबाबतचा.

म्हणूनच ॲझिथ्रोमायसिन एकट्याने देणे ही या आजारातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. जंतूंच्या मोठ्या संख्येत अंगभूत जनुकीय बदलामुळे रोधक असलेले थोडे नेहमीच असतात. एकटे औषध बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळे करून देते, आणि एकदा असा रोधकपणा प्रस्थापित झाला की बरे होण्याची शक्यता फार घसरते. सर्दी-पडशाला, घसा धरला म्हणून, तीन गोळ्यांचे जे पाकीट औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मागितले आणि दिले जाते, ते हेच औषध आहे. फुप्फुसात निदान न झालेला मॅक घेऊन वावरणाऱ्या माणसाने असे पाकीट हिवाळ्यातून चारदा घेतले तर त्याच्या भावी उपचारांचा कणाच तो दुखावत असतो.

औषधांबरोबर जगणे हे स्वतंत्र काम आहे. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी असते. मात्र या औषधामुळे यकृत इतर अनेक औषधे लवकर मोडून टाकते, तेव्हा रक्त पातळ करण्याची गोळी किंवा गर्भनिरोधक घेणाऱ्यांनी ते आधीच सांगितले पाहिजे. इथॅम्ब्युटॉल दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करू शकते आणि पहिली खूण पुष्कळदा लाल-हिरव्या रंगांतील फरक फिका पडणे ही असते. दर महिन्याला एकेक डोळा झाकून तोच मजकूर, तेच रंगीत चित्र पाहण्याची सवय ठेवली तर बदल वेळेवर कळतो, कारण औषध लगेच थांबवले तर बहुधा दृष्टी सुधारते. अमिकॅसिनने कान आणि मूत्रपिंड धोक्यात येतात, आणि कानाचे नुकसान भरून येत नाही. भारतीय डॉक्टरांना कुष्ठरोगामुळे परिचित असलेले क्लोफॅझिमिन कधी पर्याय म्हणून दिले जाते. ते सोसते, पण त्वचा काळपट-तांबूस होते, आणि चारचौघांत वावरणाऱ्या माणसाला हे आधी न सांगणे अन्यायाचे ठरते.

गोळ्यांइतकेच, किंबहुना काही रुग्णांत गोळ्यांहूनही अधिक, महत्त्व रोज कफ बाहेर काढण्याला आहे, आणि नेमके तेच चिठ्ठीवर एका ओळीत लिहून सोडून दिले जाते. त्याची रीत अशी: पाठ टेकवून, खांदे सैल सोडून बसावे, काही मिनिटे पोटाने संथ श्वास घ्यावा, मग तीन-चार खोल श्वास घेऊन प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद आत रोखावा, म्हणजे हवा अडकलेल्या कफाच्या मागे पोचते, त्यानंतर आरशावर वाफ धरण्यासाठी सोडतात तसा, तोंड आणि घसा उघडे ठेवून, दीर्घ आणि जोरकस उच्छ्वास एक-दोनदा सोडावा. कफ वर आल्याचे घरघरीवरून कळले की मगच खोकावे. सतत खोकत राहिल्याने नलिका मिटतात आणि माणूस नुसता दमतो. हे चक्र वीसएक मिनिटे, दिवसातून दोनदा चालते. त्याआधी खारट द्रावणाची नेब्युलायझरने वाफ घेतली तर कफ सुटतो. नेब्युलायझरचे भांडे धुऊन उकळावे लागते, नळाखाली विसळून ठेवले तर ज्या जंतूशी लढायचे त्यालाच निमंत्रण दिल्यासारखे होते.

घरात या रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. मॅक एकाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि तरी क्षयाच्या जुन्या धास्तीने नातवंडांना जवळ येऊ न देणारी आजी आणि तिला तसे करू देणारे घर, दोन्ही विनाकारण शिक्षा भोगतात. काळजी घ्यायची ती पाण्याच्या तुषारांची आणि मातीच्या धुळीची: बंद न्हाणीघरात गरम पाण्याच्या शॉवरखाली बराच वेळ उभे राहण्यापेक्षा बादली-तांब्या बरा, खिडकी उघडी असावी, कुंड्यांतील माती आधी भिजवून, नाकातोंडावर मास्क बांधून हाताळावी. जेवून लगेच आडवे होऊ नये, कारण जठरातील द्रव घशाशी येऊन फुप्फुसात झिरपणे हे या संसर्गाला पोषक असते. वजन टिकवणे हा तर उपचाराचाच भाग आहे. क्षयरुग्णाला राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत औषधे आणि पोषणासाठी दरमहा रक्कम मिळते. त्या चौकटीत क्षय नसलेल्याला जागा नाही, आणि दीड वर्षाचा खर्च बहुधा घरातूनच निघतो.

सर्व नीट केले तरी मॅकचे सर्वच रुग्ण जंतुमुक्त होत नाहीत. सहा महिन्यांनंतरही कल्चर सकारात्मक राहिले तर सूक्ष्म मेदकणांत गुंडाळलेले अमिकॅसिन वाफेवाटे देण्याची सोय, जिला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, उपयोगी पडते. तिच्या चाचणीत जंतू नाहीसा होण्याचे प्रमाण ९ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले, जे मोठे आहे आणि तरीही बहुसंख्यांना न पोचणारे आहे. मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या शीघ्र वाढणाऱ्या जातीत तर शिरेवाटे आठवडेच्या आठवडे औषधे देऊनही हाती येणारे यश तुटपुंजे असते, आणि आजार एकाच खंडापुरता असेल तर तो भाग शस्त्रक्रियेने काढण्याचा विचार करावा लागतो. औषधे संपल्यानंतर जंतू पुन्हा दिसला तर गाठींच्या प्रकारात तो पुष्कळदा जुना उरलेला नसून पाण्यामातीतून नव्याने आलेला, वेगळ्या वाणाचा असतो. फुप्फुस तेच आणि पाणीही तेच असल्यामुळे यात आश्चर्य नाही. त्यामुळे कफ काढण्याचा व्यायाम गोळ्यांबरोबर थांबवायचा नसतो, आणि एक कल्चर पुन्हा सकारात्मक आले म्हणून लगेच औषधे सुरू केली जात नाहीत. आधी दुसरा नमुना पाठवला जातो, नवा सीटी स्कॅन जुन्याशेजारी ठेवून पाहिला जातो आणि रुग्णाचे वजन केले जाते.