दुसऱ्याचे कृत्य आणि संस्थेचे उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवी समारंभात देवळाली प्रवरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



पन्नास वर्षांच्या सेवाकार्याचा आनंद साजरा करताना कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु संस्थेचे कार्य जसजसे विस्तारते, तसतसे ते आपल्या हातून कमी आणि आपण नेमलेल्या माणसांच्या हातून अधिक घडते. त्यांच्या चुकीचे उत्तर कोणी द्यावयाचे?

आपल्या शेजारच्याच औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, एक घटना सांगतो. जुलै १९६३ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात एका भगिनीची प्रसूती झाली. तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली आणि पोटात टॉवेल राहून गेला. पुन्हा शस्त्रक्रिया करून तो काढला, तरी ती वाचली नाही. पती व मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा निकाल पुन्हा कायम केला. तेहतीस वर्षे! तान्हे मूल तोवर संसाराला लागण्याच्या वयाचे झाले असेल. रुग्णालय चालविणे हे काही केवळ राजसत्तेचेच कार्य नव्हे, म्हणून शासनाला उत्तरदायित्व टाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय, हलगर्जीपणा सिद्ध झाल्यावर तो नेमका कोणत्या डॉक्टरचा, हे निश्चित झाले नाही तरी शासनाची सुटका नाही.

पूर्वी धनी उत्तर देई तो मुख्यत्वे आपल्या पगारी नोकरापुरता. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात सांगितले की, डॉक्टर रुग्णालयाचा कायम नोकर असो वा बाहेरून बोलावलेला, रुग्णापुढे रुग्णालयच उत्तरदायी आहे. म्हणजे ‘तो आमचा माणूस नव्हता’ हे उत्तर आता सहज चालत नाही.

येथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग स्वयंपाक्याच्या वा वाहनचालकाच्या प्रमादाचा भार ट्रस्टने का उचलावा? माझ्या मते कायदा पाप वाटून देत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याने रिकाम्या हाताने परतू नये, एवढेच तो पाहतो. शिवाय आपले शास्त्र तरी केवळ करणाऱ्यापाशी कोठे थांबते? कृत, कारित आणि अनुमोदित असे तीनही प्रकार त्याने मोजले आहेत. मात्र तेथे मनातील भावाला महत्त्व आहे. विश्वस्ताचा भाव कितीही निर्मळ असला तरी न्यायालय भरपाई माफ करीत नाही. हा फरक मला स्वतःला अद्याप थोडा बोचतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तरीही विहारात साधु-साध्वींच्या मागे नगर-मनमाड रस्त्याने जी गाडी चालते, तिच्या चालकाचा परवाना आपण कधी पाहिला आहे काय? गाडीचा विमा चालू आहे काय? नेत्रशिबिरात शस्त्रक्रिया कोण करणार, औषधे कोठून आली, याची नोंद कोणाकडे असते? वसतिगृहाचा रक्षक नेमताना त्याची चौकशी कोणी केली? बहुतेक ठिकाणी ‘ओळखीचा आहे’ एवढ्यावर काम भागते. येत्या चातुर्मासापूर्वी या सर्व नोंदींची एक वही कार्यालयात तयार असावी आणि ती सांभाळण्याचे काम एका विश्वस्ताकडे नावानिशी सोपवावे, अशी माझी नम्र विनंती आहे.