रविवारची चाकरी

(आकाशवाणीवरील भाषण)

आमच्या मुखेड गावी दशरथेश्वराचे प्राचीन शिवालय आहे. त्याच्या भिंतींवरील सुरसुंदरींकडे आम्ही मुले जितक्या कुतूहलाने पाहत असू, तितक्याच बेफिकिरीने त्यांच्यामागच्या भिंतीकडे दुर्लक्ष करीत असू. आणि अलंकारांनी मढलेली ती स्त्री कोठून तरी आणून तेथे चिकटवलेली नसून, ज्या दगडाने देवळाचा भार पेलला आहे त्याच दगडातून ती बाहेर आलेली आहे, हे ध्यानी यायला मला पुष्कळ वर्षे लागली. पश्चिमेकडील ज्या संगीताविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे, त्याच्या बाबतीतही माझी प्रथम अशीच फसगत झाली होती. त्यातील नक्षी तेवढी कानाला जाणवे. नक्षीखालचा दगड ऐकू येत नसे.

या संगीताला ‘बरोक’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, अर्थ बेडौल मोती. आणि तो या कलेला प्रथम लावला गेला तो गौरवाने नव्हे, तर हिणवण्याकरिता. नावे ठेवता ठेवता त्याचे नाव ठेवले गेले, असेच म्हणा ना! इतिहासकार या युगाची मर्यादा साधारणतः १६०० ते १७५० अशी धरतात. आपल्या हिशेबाने मालोजीराजांच्या काळापासून छत्रपती शाहूंच्या निधनापर्यंतचा हा कालखंड होय. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात निवर्तले, आणि या युगाचा महापुरुष योहान सेबास्टियन बाख पुढच्या जुलैत. इटलीचे मोंतेव्हेर्दी, कारिसिमी, कोरेल्ली आणि व्हिवाल्दी, जर्मनीचे बुक्स्टेहूड, टेलेमान आणि बाख, जर्मनीत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेला हँडेल ही या युगातली ठळक नावे. आज ही मंडळी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची आद्य दैवते मानली जातात. परंतु स्वतः त्यांना कोणी विचारले असते, तर यांतील बहुतेकांनी आपला परिचय निराळाच करून दिला असता. आम्ही चाकरीत आहोत, असे त्यांनी सांगितले असते.

बाखचेच पाहा. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात बाख घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या वाजंत्र्यांची आणि ऑर्गनवादकांची कामे सांभाळली, ती इतकी की एर्फुर्ट शहरात नगराच्या वादकाला, तो त्या कुळातला असो वा नसो, सरसकट ‘बाख’च म्हणत. आपल्याकडे कुलकर्ण या कामाचे आडनाव झाले. तेथे आडनावाचेच काम झाले. सेबास्टियनचा जन्म १६८५ चा. दहा वर्षांचा होईतो आई आणि वडील दोघेही गेले, आणि तो थोरल्या भावाच्या आश्रयाला राहिला. भावाच्या कपाटात नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती; ती हाताळण्याची या पोराला मनाई होती. तेव्हा कपाटाच्या जाळीतून हात घालून, वहीची गुंडाळी करून ती बाहेर ओढून, सहा महिने चांदण्याच्या उजेडात त्याने तिची नक्कल केली, आणि भावाला सुगावा लागताच ती नक्कलही जप्त झाली, अशी कथा त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रलेखात सांगितलेली आहे.

पुढे आर्नष्टाट गावी ऑर्गनवादकाची नोकरी लागली. १७०५ साली चार आठवड्यांची रजा घेऊन हा वीस वर्षांचा तरुण बुक्स्टेहूडचे वादन ऐकायला ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर पायी गेला आणि परतला तो कोठे चार महिन्यांनी. वरिष्ठांनी जबाब घेतला, तंबी दिली. १७०८ साली, म्हणजे आमच्या नांदेडला गोदावरीच्या तीरी गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला त्याच साली, तो वायमारच्या दरबारी रुजू झाला. आणि १७१७ मध्ये ती चाकरी सोडण्याचा हट्ट धरल्यावरून त्याच दरबाराने त्याला जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले. लाइपझिग नगराने १७२३ मध्ये त्याची नेमणूक केली, ती प्रथम टेलेमान आणि मग ग्राउपनर असे दोन उमेदवार हातचे गेल्यावर. तेथूनही १७३० मध्ये एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या प्राप्तीचा हिशेब मांडला आहे: सालीना सुमारे सातशे थालर मिळतात खरे, पण त्यांतील बराच भाग अंत्यविधींच्या दक्षिणेचा असतो, आणि हवा निरोगी असली म्हणजे माणसे मरत नाहीत आणि प्राप्ती बुडते! बलुत्याच्या पेंढीसाठी खळ्यावर ताटकळणाऱ्या माणसाला हे पत्र वाचून दाखवले, तर त्याला त्यात परके काही वाटणार नाही.

आता या चाकरीत करायचे काय, तर प्रत्येक रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये त्या दिवसाच्या धर्मपाठाला अनुसरून ‘कँटाटा’ नावाची गायनवादनाची रचना सादर करायची. लाइपझिगच्या पहिल्या काही वर्षांत बाखने जवळजवळ दर आठवड्याला नवी कँटाटा रचली. रचना होताच बायको, मुले आणि शिष्य बसून प्रत्येक वादकाचा कागद निराळा उतरवून काढीत, आणि रविवारी सकाळी सातच्या प्रार्थनेला ती उभी राहत असे. अशा सुमारे दोनशे कँटाटा आज उपलब्ध आहेत. त्यांतील काही दोन भागांच्या असून, पहिला भाग प्रवचनाच्या आधी आणि दुसरा नंतर गायिला जाई. आणि पुष्कळदा अखेरीस, सगळ्या समाजाला तोंडपाठ असलेल्या एखाद्या भक्तिगीताची चाल चार आवाजांत साधेपणाने येई.

श्रोतेहो, हे वर्णन ऐकून आपल्या डोळ्यांपुढे आपल्या देवळातील कीर्तन उभे राहत नाही काय? येथेही तिथीला बांधलेला नेम आहे, निरूपणाला घेतलेले संतवचन आहे, पूर्वरंग आणि उत्तररंग आहेत, आणि शेवटी सर्वांच्या मुखी असलेला गजर आहे. कीर्तनकार उद्याच्या पिढ्यांसाठी उभा राहत नाही; समोर बसलेल्या मंडळींसाठी, त्या एकादशीसाठी उभा राहतो. बरोक संगीतकारांची थोरवी समजून घ्यायची, तर सभागृह आणि टाळ्या दूर सारून प्रथम हा नेम पाहिला पाहिजे. व्हेनिसमध्ये व्हिवाल्दीने आपल्या सुमारे पाचशे कोंचेर्तोंपैकी कितीतरी एका अनाथाश्रमातील मुलींना वाजवण्यासाठी रचले. हँडेलचा ‘मसाया’ १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम गायिला गेला, तो धर्मादायासाठी. कर्जापायी तुरुंगात पडलेले शंभर-दीडशे लोक त्या उत्पन्नातून सुटले. निमित्त ठरलेले, मुदत ठरलेली, साधने मोजकी. आणि त्या बंधनातूनच या लोकांनी पाश्चात्त्य संगीताचे व्याकरण सिद्ध केले.

ते व्याकरण एका वाक्यात सांगायचे झाले तर असे: आपला षड्ज तंबोऱ्यात स्थिर असतो आणि राग त्याच्याभोवती फिरतो, त्यांचा खर्ज स्वतः चालतो. बरोक रचनेत सर्वांत खाली एक मंद्र ओळ अखंड चाललेली असते. तिच्या स्वरांपाशी रचनाकार बारीक आकडे घालून ठेवतो, आणि त्या आकड्यांवरून कोणते स्वर एकत्र धरायचे हे ओळखून हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा ऐन वेळी मधली जागा स्वतःच्या अकलेने भरतो. म्हणजे सारेच लिहिलेले, असा आपला जो समज असतो तो या युगापुरता तरी अपुरा आहे. वाजवणाऱ्यावर विश्वास ठेवून मोकळी सोडलेली जागा तेथेही होती. हा चालता खर्ज म्हणजेच मी आरंभी म्हटलेला नक्षीखालचा दगड होय.

दुसरी गोष्ट ‘फ्यूग’ची. आषाढात गावातून लांब दिंडी जाताना तुम्ही मध्येच एखाद्या ओट्यावर उभे असाल, तर पुढच्या टाळकऱ्यांचा चरण सरण्याआधीच मागच्यांचा तोच चरण तुमच्या कानी पडू लागतो आणि दोहोंची गुंफण होते. दिंडीत हे अंतरामुळे, अजाणता घडते. फ्यूगमध्ये एक आवाज विषय मांडतो, दुसरा तोच विषय वेगळ्या उंचीवर उचलतो, मग तिसरा, मग चौथा. आणि पहिला गप्प न बसता आपले म्हणणे पुढे चालवीत असतो. चौघे एकदम बोलत असून कोणाचेही बोलणे वाया जात नाही, ही किमया बाखने ज्या थराला नेली, तेथे त्याच्यामागून फारच थोडे पोहोचले.

हे सगळे सातासमुद्रांपलीकडचे, त्याचा आपणांशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला उत्तर गोव्यात आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्युसेप्पे दी सांता मारिया नावाचा एक इटालियन कार्मेलाइट पाद्री गोव्यास आला असता, जेझुइटांच्या चर्चमध्ये संत इग्नेशियसच्या उत्सवात त्याने सात गायकवृंदांचे वाद्यांसह गायन ऐकले. आपण रोममध्येच आहोत असा भास झाल्याचे त्याने बोलून दाखवताच त्याला सांगण्यात आले की, ही रचना खरोखरच रोमच्या कारिसिमीची असून ती तेथूनच आणवलेली आहे. आणि स्थानिक गोमंतकीयांचे संगीतातील प्रावीण्य पाहून आपण थक्क झालो, असे त्याने लिहून ठेवले. कारिसिमी त्या वेळी हयात होता. त्याचे नाव मुख्यतः ‘ओरातोरिओ’साठी घेतात. त्यात एक निवेदक बायबलातील आख्यान गाऊन सांगतो, पात्रे मधून मधून बोलतात आणि वृंद साथ देतो. जिंकून परतल्यावर घरातून जो प्रथम सामोरा येईल त्याचा बळी देईन, असा नवस बोलून बसलेला यफ्ता, आणि डफ वाजवीत सामोरी आलेली त्याची एकुलती एक लेक, हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध आख्यान. उत्तररंगात चिलया बाळाची कथा ऐकून ज्यांनी पदराने डोळे टिपले आहेत, त्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

गोव्यातील हा स्वर उत्सवापुरता राहिला नाही. चर्चला जोडलेल्या गावशाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. पुढे विसाव्या शतकात पोटापाण्यासाठी जे गोमंतकीय मुंबईला आले, त्यांनी ही विद्या बरोबर आणली, आणि आपल्या चित्रपटगीतांना वाद्यवृंद मिळाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच; पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या प्यारेलाल यांनी त्यांच्यापाशी व्हायोलिनचे धडे घेतले. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा गायकाच्या स्वराखालून व्हायोलिनांची दुसरीच ओळ चालवीत असत. ती गाणी मुखेडच्या लग्नमांडवात कर्ण्यावरून ऐकताना त्या दुसऱ्या ओळीचे कूळ आम्हांला ठाऊक नव्हते. सुरसुंदरीसारखेच झाले, पाहिले होते, ओळखले नव्हते.

आता बरोक संगीतकारांच्या स्थानाविषयी. ते स्थान त्यांना आयुष्यात मिळाले नाही, आणि मरणानंतरही लगेच मिळाले नाही. बाखच्या वह्या शिष्यांच्या हाती फिरत राहिल्या. बोनला लहानग्या बेथोव्हेनने त्यांवरच बोटे तयार केली. तरी त्याच्या मोठ्या कृती मूकच होत्या. वीस वर्षांच्या मेंडेल्सझोन या संगीतकाराने ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभी केली, तेव्हा लोकांना आपल्या घरात काय पुरलेले होते ते कळले. व्हिवाल्दीला तर त्याहून शंभर वर्षे अधिक वाट पाहावी लागली. १७४१ मध्ये तो व्हिएन्नात दारिद्र्यात वारला. १९२६ साली इटलीतील एका धर्मसंस्थेच्या शाळेने इमारतीच्या खर्चासाठी जुनी बाडे विकायला काढली. तूरिनच्या ग्रंथालयाकडे ती किमतीचा अंदाज घेण्यासाठी गेली, आणि त्यांत व्हिवाल्दीची हस्तलिखिते निघाली. क्रमांक मधून मधून तुटलेले होते, तेव्हा उरलेला अर्धा हिस्सा कोठे तरी असला पाहिजे हे उघड झाले, आणि वारसांचा माग काढीत तोही मिळवण्यात आला. खरेदीला पैसा दिला तो आपली बालके गमावलेल्या दोन पित्यांनी. ते दोन संग्रह आजही त्या मुलांच्या नावांनी ओळखले जातात. त्याच १९२६ च्या अखेरीस आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले. वाड्यांच्या माळ्यांवरून वाळवीच्या तोंडचे कागदपत्रांचे रुमाल सोडवीत ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना तूरिनच्या ग्रंथपालाचा आनंद नेमका समजला असता.

म्हणून मला वाटते, शास्त्रीय संगीतातील बरोक संगीतकारांच्या स्थानाचा विचार करताना आपण दोन प्रकारच्या माणसांचे ऋण मानले पाहिजे. पहिली, ज्यांनी येत्या रविवारचे काम येत्या रविवारपर्यंत पुरे केले आणि ते करताना त्यात कसूर ठेवली नाही. दुसरी, ज्यांनी नकला उतरवल्या, बाडे राखली आणि पोरांना स्वर वाचायला शिकवले. शेजारच्या चर्चमधील मेस्त काय, किंवा गावातला पेटी शिकवणारा भजनीबुवा काय, या दुसऱ्या पंगतीतलेच.

श्रोतेहो, कधी बाखची किंवा व्हिवाल्दीची एखादी रचना कानी पडली, तर प्रथम वरच्या चपळ व्हायोलिनांकडे लक्ष देऊ नका. सर्वांत खालची ती जाड, सावकाश चालणारी ओळ शोधा आणि तिचे बोट धरून चला. एकदा ती सापडली, की वरची नक्षी आपल्या जागी आपोआप दिसू लागेल. आणि पुढे कधी एखादे जुने चित्रपटगीत लागले, तर गायकाच्या स्वराखाली ती पुन्हा भेटते का, तेही ऐकून पाहा.