जात्यावरची ओवी आणि ब्लूज



मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या गाण्यांवर बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. नाट्यगीते सोडून हा विषय कशाला, असा प्रश्न कार्यकारिणीत निघालाच होता. तो गैर नव्हता.

येथे येलहंक्यात आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतो. कोणी रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यातले, कोणी हवाई दलातून निवृत्त झालेले, बाकीचे आमच्यासारखे फायलींत बुडालेले. ज्याला जे गिटारवादन भावले ते त्याने इतरांस ऐकवावे आणि ते संपेपर्यंत कोणी बोलू नये, एवढाच नियम. (चहा आला की तोही मोडतो.)

मिसिसिपी जॉन हर्ट आम्हांस तेथेच भेटला. १९२८ साली त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित झाली, ती फारशी खपली नाहीत, आणि हा गृहस्थ ॲव्हलॉन नावाच्या आपल्या खेड्यात शेतावर राबण्यास परत गेला. पुढे पस्तीस वर्षे त्याचा पत्ता कोणासही नव्हता. १९६३ साली एका चाहत्याने त्याच्याच एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून त्याला शोधून काढले. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंनी त्याला ऐकले. १९६६ साली तो वारला.

त्याचे वादन ऐकताना दोन माणसे वाजवीत आहेत असा भास होतो. अंगठा खर्जाच्या तारांवर अखंड ठेका धरतो, बोटे वर चाल गातात. ब्लूजचा रूढ बंध तर साधाच: एक ओळ, तीच पुन्हा, मग तिसरीत तिचे उत्तर. गंधार मात्र धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोहोंच्या मध्ये कोठेतरी हेलावत राहतो.

एकदा हे चालू असता यजमानांच्या मातोश्री दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वय ब्याऐंशी. म्हणाल्या, "अरे, हा तर दळतोय!" अंगठ्याच्या ठेक्यात त्यांना जात्याची घरघर ऐकू आली होती. मग खाली बसून त्यांनी तीन ओव्या म्हटल्या. चौथी अर्ध्यावर अडली. "पुढच्या वेळी आठवून ठेवते," म्हणाल्या. आमच्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा दूरध्वनी होता; तो बाहेर काढण्याचे एकासही सुचले नाही. पुढच्या बैठकीपूर्वीच त्या गेल्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत या तीन असतील की नाही, कोण सांगणार? आम्हांस त्यांचे शब्दही आता धड आठवत नाहीत. चाल तेवढी आठवते.

पुढील बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरी आहे. गिटार तर ऐकूच. परंतु ज्यांच्या घरी आई, आजी, मावशी असतील त्यांनी त्यांनाही घेऊन यावे. यंत्र या खेपेस आधीच चालू करून ठेवू.