घरची मोटार व जुळवतां येणारें सस्पेन्शन

टांग्याच्या कमानपाट्यांपासून आजच्या मोटारीच्या स्प्रिंगपर्यंत वाहन बांधणाऱ्यांपुढें एकच कोडें उभें राहिलें आहे. रस्त्याचा धक्का चाकानें सोसावा, तो आंत बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत पोंचूं नये, आणि असें असूनही चाकानें जमिनीचा आधार सोडूं नये, अशा या तीन मागण्या आहेत. त्या एकमेकींशीं गोडीनें नांदत नाहींत. स्प्रिंग मऊ ठेवावी तर वळणावर गाडी कलते. ती ताठ राहावी म्हणून स्प्रिंग कडक करावी तर प्रत्येक खड्ड्याला प्रवाशांचे हाल होतात. कारखानदार या भांडणांत मध्यम तोडगा काढतो. तो सर्वांना थोडथोडा पटतो, परंतु कोणालाच पुरता पटत नाहीं. म्हणूनच हौशी माणसाला आपल्या मर्जीप्रमाणें जुळवतां येणाऱ्या सस्पेन्शनचा मोह पडतो.

बाजारांत अशा संचास 'कॉइलओव्हर' म्हणतात. यांत शॉक ॲब्सॉर्बरच्या भोंवतीं स्प्रिंग बसविलेली असते. ही स्प्रिंग ज्या कड्यावर टेकते तें कडें आटे पाडलेल्या नळीवर फिरवून वरखालीं करतां येतें, आणि त्यायोगें गाडीची उंची बदलते. कांहीं संचांत शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकाशीं एक फिरकीही असते. ती फिरविली कीं त्याचा कडकपणा कमीअधिक होतो.

पुण्यांतील एका घराची कल्पना करावी. दारांत दहा वर्षें वापरलेली फोक्सवॅगन पोलो आहे. ही गाडी २०१० पासून २०२२ पर्यंत भारतांत विकली गेली व ती चाकणच्या कारखान्यांत तयार होत असे, त्यामुळें पुणेकरांना ती जवळची. चिरंजीवांनीं पगारांतून कांहीं रक्कम बाजूला टाकली आहे, आणि ती जुळवतां येणाऱ्या सस्पेन्शनवर खर्च करण्याचा त्यांचा बेत आहे. वडिलांना हें खूळ वाटतें. आजींना दर महिन्याला तपासणीसाठीं याच गाडींतून न्यावें लागतें, आणि त्यांच्या मणक्याला धक्का सोसत नाहीं. तेव्हां कोणता संच दिसण्यांत देखणा, हा येथें प्रश्न नव्हे. एकाच गाडीनें घाटही चढावा आणि आजींचीही सोय पाहावी, हें थोडक्या पैशांत साधेल काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम स्प्रिंगचा विचार करूं जातां तिचा स्वभाव सरळ आहे. जितका भार अधिक तितकी ती अधिक दबते, हा नियम रॉबर्ट हुक यानें १६७८ मध्यें प्रसिद्ध केला. एका चाकावर गाडीचा ३०० किलो भार आहे, आणि चाकापाशीं मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला २ किलो आहे, असें समजूं. अशी गाडी एकदां उसळली म्हणजे सेकंदाला सुमारे १.३ वेळां वरखालीं होते. माणसाच्या देहाला हा झोका मानवतो. आतां स्वस्त संचांत पुष्कळदां आढळते तशी दर मिलिमीटरला ६ किलोची स्प्रिंग बसविली, तर हीच संख्या २.२ पर्यंत चढते. शर्यतीच्या रिंगणांतील गुळगुळीत रस्त्यावर ती शोभेल. पेठेंतल्या रस्त्यावर ती आजींना सोसवणार नाहीं. म्हणून विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न 'गाडी किती खालीं येईल' हा नसून 'स्प्रिंगचा ताठपणा किती' हा असावा. या आंकड्याचें उत्तर ज्याला देतां येत नाहीं, त्याचा माल कितीही चकचकीत असला तरी तो घेऊं नये.

परंतु स्प्रिंग हें अर्धेंच काम करते. ती धक्का सांठवून ठेवते आणि लगेच परत फेंकते. ही उसळी जिरविण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बरचें. त्यांतील दट्ट्या तेलांतून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून रेटलें जातें, आणि धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. स्प्रिंग तिप्पट ताठ केली तर उसळी पूर्वीच्याच प्रमाणांत आवरण्यासाठीं शॉक ॲब्सॉर्बरचा जोर सुमारे पावणेदोनपट वाढवावा लागतो. ही जोडी जमली नाहीं तर गाडी होडीसारखी हेलकावत राहते, आणि खडबडीत वळणावर टायर जमिनीवर धड टेकत नाहींत. जुन्या शॉक ॲब्सॉर्बरवर नुसती आटे पाडलेली नळी व आंखूड स्प्रिंग चढविण्याचा जो अतिस्वस्त प्रकार मिळतो, त्यांतील धोका हाच आहे. तेथें पैसे वांचतात, परंतु ब्रेक दाबतांना लागणारी पकड गमावली जाते.

फिरकीची हौस कांहीं नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं ट्रुफो व हार्टफर्ड यांच्या नांवानें जे घर्षणाचे शॉक ॲब्सॉर्बर निघाले, त्यांची पकड मधला नट आवळून वाढवितां येत असे. आजच्या बाजारांतील पायऱ्या एका जर्मन कारखान्याच्या उदाहरणावरून नीट समजतात. केडब्ल्यू या कंपनीच्या पहिल्या प्रकारांत केवळ उंची बदलतां येते, कडकपणा कारखान्यांतच ठरलेला असतो. दुसऱ्यांत स्प्रिंग उलगडतांनाचा आवर बदलतां येतो. तिसऱ्यांत दबतांनाचा व उलगडतांनाचा असे दोन्ही आवर निरनिराळे बदलतां येतात. बिल्स्टीन या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या बी१४ संचांत कडकपणा कायमचा असून बी१६ मध्यें त्याच्या १० पायऱ्या आहेत. तैवानच्या बीसी रेसिंग कंपनीच्या बीआर संचांत तर ३० पायऱ्या आहेत.

तीस हा आंकडा दहापेक्षां मोठा म्हणून तो संच तिप्पट चांगला, असा समज मात्र होऊं देऊं नये. पायऱ्या किती, यापेक्षां प्रत्येक पायरीला आवर किती वाढतो आणि चारही शॉक ॲब्सॉर्बरमध्यें तो सारखाच वाढतो काय, हें महत्त्वाचें. चांगला उत्पादक यंत्रावर मोजलेला आलेख दाखवूं शकतो. शिवाय एकाच फिरकीनें दबणें व उलगडणें ही दोन्ही एकदम कडक होत असतील, तर उसळी थांबवितां थांबवितां खड्ड्याचा मारही वाढतो. रोजच्या गाडीचा मालक फिरकी पहिला महिनाभर कौतुकानें फिरवितो, व पुढें एका जागीं ती कायमची विसावते. ज्याचा उपयोग महिनाभरच व्हावयाचा त्यासाठीं मोठी किंमत मोजण्यापेक्षां, तीच रक्कम उत्तम बनावटीच्या व फिरकी नसलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर घालणें अधिक शहाणपणाचें.

उंचीच्या बाबतींत तर हौस आणि हित यांची खरी कसोटी लागते. कडें खालीं फिरवून गाडी खालीं आणली म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरला दबण्यासाठीं उरलेली जागा कमी होते. ती संपली कीं दट्ट्याची दांडी रबरी अडणीवर आपटते, आणि स्प्रिंग कितीही मऊ असली तरी तो धक्का थेट पाठींत जातो. पोलोच्या पुढील चाकांस मॅकफर्सन पद्धतीचे खांब आहेत. अशी गाडी फार खालीं आणली व खालचा आडवा हात बाहेरच्या बाजूस वर उचलला गेला, म्हणजे वळणावर कलण्याची तिची प्रवृत्ति उलट वाढते. म्हणजे ज्यासाठीं हा खटाटोप, तेंच हातचें जातें. त्यांत आपल्याकडील गतिरोधकांची भर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणें असा उंचवटा ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. ताशीं २५ किलोमीटर वेगानें तो सुखरूप ओलांडतां यावा, हा त्यामागील हेतु. गल्लोगल्लीं आढळणारे पुष्कळसे उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात. तेव्हां आपल्या शहरांत गाडी मूळ उंचीवर, किंवा फार तर तिच्या किंचित् खालीं ठेवावी हें बरें.

पोलोच्या मागील बाजूची रचना पुढच्यापेक्षां वेगळी आहे. तेथें स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकाभोंवतीं एक नसून शेजारीं शेजारीं, स्वतंत्र बसतात. 'चारही चाकांना खरे कॉइलओव्हर' असें सांगणारा विक्रेता या गाडीविषयीं अजाण तरी असतो, नाहीं तर बोलण्यांत सैल तरी असतो.

खर्चाचा हिशेब करतांना संचाच्या किंमतीवर थांबूं नये. खांबाच्या वरची रबरी बैठक, झिजलेले बुश, बसविण्याची मजुरी आणि शेवटीं चाकांचें अलाइनमेंट, हें सर्व त्यांत धरावें. उंची बदलली कीं चाकांचे कोन बदलतात. ते तसेच राहिले तर नवे टायर थोड्याच दिवसांत एका कडेनें झिजतात. पुढील दिव्यांचा झोतही पुन्हां लावून घ्यावा. पावसाळ्यांत, विशेषतः मुंबई व कोंकणच्या खारट हवेंत, आट्यांवर गंज चढून कडें जाम होतें, आणि मग 'जुळवतां येणारें' हा शब्द नांवापुरताच उरतो. पाऊस संपतांच आटे धुऊन, ब्रशनें साफ करून त्यांना गंज न चढूं देणारें ग्रीस लावावें. तेल गळूं लागल्यास शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्त करून देणारा कोणी आपल्या देशांत आहे काय, याची चौकशी खरेदीपूर्वींच करावी.

कायद्याकडेही काणाडोळा करून चालणार नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. यास्तव परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे आधीं विचारून मगच पैसे मोजावे. अपघातानंतर विचारणें महागांत पडतें.

हें सारें ऐकून त्या घरानें काय करावें? आधीं गाडी जाणत्या मेस्त्रीकडे नेऊन टायर, बुश व बैठका तपासाव्या. दहा वर्षांच्या गाडीचा ढिलेपणा बहुधा तेथेंच असतो. तो दूर करून मूळ मापाचे चांगले शॉक ॲब्सॉर्बर घातले, तर चिरंजीवांचा निम्मा असंतोष तेवढ्यानेंच मावळेल. त्यानंतरही घाटाची हौस उरली, तर मध्यम ताठपणाच्या स्प्रिंगचा, भरपूर हालचाल ठेवणारा आणि आंकडे उघडपणें सांगणारा साधा संच घ्यावा. त्याला फिरकी असल्यास सर्वांत मऊ पायरीपासून सुरुवात करावी. ओळखीच्या एकाच रस्त्यावर, एका वेळीं एकच बदल करीत, गाडी उंचवट्यावरून उतरल्यावर एका झोक्यांत शांत होईपर्यंतच ती वाढवावी, व तेथें थांबावें.

त्या दिवशीं मागच्या आसनावर आजींना अवश्य बसवावें. त्यांच्या मणक्याइतकें प्रामाणिक मापयंत्र कोणत्याही कारखान्यांत मिळणार नाहीं.