किटच्या पुढचं काम
(इंद्रलोक, भाईंदर पूर्व इथल्या स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथं बसलेल्या मुलामुलींपैकी बहुतेकजण रमजानमध्ये रेशनचे किट भरायला रात्री उशिरापर्यंत जागलेले आहेत. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर. पिशव्या भरायच्या, यादी तपासायची, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने चढायचे. हे काम लहान नाही. ते बंद करा असंही मी म्हणणार नाही. मला फक्त तुमच्यासमोर एक हिशोब मांडायचा आहे.

एक किट साधारण हजार-दीड हजार रुपयांचा. चार माणसांच्या घरात तो फार तर महिनाभर पुरतो. आता त्याच घरातली बहीण विधवा आहे असं समजा. वय पासष्टच्या आत, वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहणं झालेलं. अशा बाईला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. वर्षाचे झाले १८,०००. म्हणजे एक अर्ज नीट भरला, तर दर महिन्याला एक किट तिच्या बँक खात्यात आपोआप येतो. त्यासाठी तिला कुणासमोर हात पसरावा लागत नाही. तो तिचा हक्क आहे.

मग हा अर्ज भरला का जात नाही? माझ्या अनुभवात कारण एकच दिसतं. कागद मराठीत असतो. ती बहीण वीस वर्षांपूर्वी गोंडा किंवा आझमगढहून लग्न होऊन इथं आली. हिंदी जेमतेम वाचते. उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी पुरावा, शिधापत्रिका हे शब्द ऐकले की ती घाबरते आणि एजंटकडे जाते. एजंट आधी पैसे घेतो, मग 'उद्या या' म्हणतो.

आता तुम्ही स्वतःकडे बघा. कुणी रत्नागिरीचं आहे, कुणी महाडचं, कुणी सोलापूरचं, कुणी इथंच जन्मलेलं. घरात कोकणी बोली असेल, दखनी असेल, पण शाळेत मराठी शिकलात. तहसीलदार कार्यालयातला फलक तुम्हाला वाचता येतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाशी तुम्ही अडखळत नाही. आपल्या वस्तीत ही फार मोठी दौलत आहे. पैशाचा सदका सगळ्यांना परवडत नाही. तुमचं मराठी मात्र कितीही वाटलं तरी कमी होत नाही.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. मशिदीबाहेर किंवा व्हॉट्सॲपवर आपण दर आठवड्याला आवाहन पाहतो: अमुक पेशंट, एवढे लाख हवेत. आपण पाचशे, हजार पाठवतो. पाठवायलाच हवेत. पण त्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: ते रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का? महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. नातेवाईक गोंधळलेले, रडवेले असतात. अशा वेळी शांतपणे आरोग्यमित्राचं टेबल शोधणारा, कागदांची फाईल हातात धरणारा एक तरुण सोबत असेल, तर लाखाचं आवाहन कित्येकदा काही हजारांवर येतं. उरलेले पैसे दुसऱ्या पेशंटला जातात.

कुणी म्हणेल, ही तर समाजसेवकांची कामं झाली, यात दीन कुठं आला? सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आहेत, मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. त्यातच जकात गोळा करणारे आणि वाटणारे, म्हणजे आमिलीन, हेही आहेत. मला हे फार विचार करण्यासारखं वाटतं. मदत योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था हाही मदतीचाच भाग मानला गेला आहे. नोंदवही, पावती, चौकशी, पाठपुरावा हे रुक्ष वाटतं, पण अमानत सांभाळायची ती यातूनच.

आपल्या महाराष्ट्रात याची उदाहरणं आहेत. २०२० ची ईद आठवा. टाळेबंदी होती, बाजार बंद होते. इचलकरंजीतल्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. तो विभाग सगळ्या गावाचा. त्याच वर्षी भिवंडीच्या शांतीनगरमध्ये मक्का मशिदीत रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय झाली, कुठल्याही धर्माच्या रुग्णासाठी. दोन्ही ठिकाणी लोकांनी एकच प्रश्न विचारला: आपल्या गावाला आत्ता कशाची कमी आहे?

इंद्रलोकला कशाची कमी आहे? इथं मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय सगळे शेजारी आहेत. कागदांपुढे सगळे सारखेच हतबल असतात. म्हणून आपलं मदत केंद्र सगळ्यांसाठी उघडं असावं. जकात कुणाला द्यावी याबद्दल उलेमांना जरूर विचारा. पण फॉर्म भरून द्यायला जकात लागत नाही. शेजारच्या मावशी पेन्शनचा कागद घेऊन आल्या, तर त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या, कागद वाचून दाखवा.

२०२४ च्या जानेवारीत मीरा रोडला जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर काहीजण म्हणू लागले की लोकांना दिसेल अशी सेवा करा, म्हणजे आपली प्रतिमा सुधारेल. मला हे पटत नाही. आपण चांगले आहोत हे सिद्ध करण्यासाठी सेवा करायची नसते. आपण या शहराचे रहिवासी आहोत, पाणीपट्टी आणि घरपट्टी भरतो, शेजाऱ्याचं दुःख आपलं आहे, एवढं कारण पुरे. ओळख वाढली, गैरसमज कमी झाले, तर अल्हम्दुलिल्लाह. पण तो हेतू नको.

म्हणून फोटोचं एक सांगते. मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो आपल्या केंद्रातून बाहेर जाऊ नये. देणगीदाराला हिशोब द्या, पावत्या द्या. माणसाची अब्रू देऊ नका.

आता कामाचं बोलू. दर रविवारी दोन तास, सकाळी दहा ते बारा. एक टेबल बायकांसाठी, तिथं मुलीच बसतील. दुसरं टेबल शिष्यवृत्ती आणि शाळाप्रवेशाचं. तिसरं दवाखान्याचं. एक नोंदवही: कोण आलं, कोणता कागद हवा, कुठं अडलं, पुढची तारीख कोणती. काम पूर्ण होईपर्यंत त्या नावापुढे बरोबरची खूण करायची नाही. अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागायचं आणि पुन्हा भरायचा. कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही.

रमजानमध्ये आपल्याकडे शंभर हात असतात. ईद झाली की दहाही उरत नाहीत. भूक मात्र बाराही महिने असते. मला शंभर नकोत. बाराही महिने टिकतील असे पंधरा हवेत. नावं लिहायला वही समोर ठेवली आहे.